रानात जाऊन आलेला धोटा

मी धोटा बोलतोय. धोटा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नसेल त्याने आधी स्वतःच्या अंगावरच्या कापडाकडे बघावं. त्यातले उभे धागे मागावर आधीच ताणून बसवलेले असतात. आडवा धागा मात्र कुणीतरी पोटात घेऊन इकडून तिकडे पळवावा लागतो. तो पळणारा मी. होडीसारखा घडवलेला लांबट लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, पोटात सुताची कांडी आणि कुशीला एक बारीक भोक, त्यातून धागा बाहेर येतो. माग सुरू झाला की एकीकडून धपाटा बसतो आणि मी पलीकडे जातो. तिकडून धपाटा बसला की परत येतो. अडीच हातांची ही वाट मी जन्मभर पळालो. किती वेळा, ते विचारू नका, मला मोजायला सवड नव्हती.

माझा जन्म कुठल्या झाडात झाला, मला आठवत नाही. शाळेच्या निबंधातल्या खुर्च्या-टेबलांना सगळं आठवतं, झाडावरची पाखरंसुद्धा. मला नाही आठवत, त्याला काय करू? माझी पहिली आठवण शहापुरातल्या एका दुकानाची. तिथे मागाचं सुटं सामान मिळतं. खोक्यात आम्ही धोटे दाटीवाटीने पडलो होतो. एक बाई आली, तिने मला उचललं, अंगठ्याने सगळं अंग चाचपलं, मग कानाशी धरून बोटाच्या पेराने टकटक केलं.

दुकानदार हसला. "आक्का, कलिंगड न्हवं त्ये."

"लाकूड आतनं बोलतंय की," ती म्हणाली. "ह्यो खणखणीत हाय. बाकीचे ठेवा तुमच्याजवळ."

ती मंगल. त्या काळात तिचा कान असा होता.

तिच्या घरी, वडगावच्या एका गल्लीत, पुढच्या खोलीत दोन माग होते. एकावर ती बसायची, शेजारच्यावर तिचा नवरा भावकू. दोघांचीही तोंडं भिंतीकडे. साड्या विणायच्या, आठवड्याने शेटजीच्या पेढीवर नेऊन द्यायच्या, असं त्यांचं चाललेलं. आमच्या गल्लीत घराघरांतून माग चालतात, त्यामुळे नवा माणूस आला की आधी कानात बोटं घालतो. आत राहणाऱ्यांना त्या आवाजाचं काहीच वाटत नाही. ते त्यात झोपतात, पोरं वाढवतात, भांडतात. उलट करंट गेला आणि माग थांबले की सारी गल्ली दचकून जागी होते. तान्ही पोरंसुद्धा रडायला लागतात.

अशा आवाजात बोलणार कसं? तर हातांनी. दोन बोटं जुळवून फटकन अलग केली की धागा तुटला. अंगठा खाली केला की कांडी संपत आली. आडवा पंजा दाखवला की माग थांबव. ओठांपाशी मूठ नेली की चहा. डोक्यामागे हात नेऊन वेणी दाखवली की सौम्या, म्हणजे त्यांची लेक, शाळेतून आली. मान वळवून एकमेकांना खुणा करत या दोघांनी अख्खा संसार केला. माग बंद असला की मात्र दोघं इतक्या मोठ्याने बोलायची की शेजारणीला वाटावं, भांडण लागलं.

आता जे सांगतो ते बरीच वर्षं मला एकट्याला ठाऊक होतं.

चांगल्या विणकराला कांडी संपायच्या आधी कळतं. पोट रिकामं होत आलं की माझा आवाज बदलतो, जरा पोकळ येतो. मंगल तेवढ्यावर माग थांबवायची. भावकूला तो फरक कधी कळला नाही, तो तिच्याकडे बघून आपला माग सांभाळायचा. पण पुढेपुढे असं व्हायला लागलं की मी पोकळ वाजतोय, वाजतोय, आणि मंगल आपली बसलीच आहे. कांडी संपली तरी बसली आहे. एकदा साडीच्या पदरात विरळ पट्टा गेला, तेव्हा ती घाबरी होऊन चारी बाजूंना बघायला लागली. दुसऱ्या दिवसापासून तिने मागाच्या लाकडावर डावा तळहात टेकवून बसायला सुरुवात केली. मी आपटलो की तिच्या हाताला कळायचं. कानाचं काम तिने हातावर ढकललं आणि कुणाला काही सांगितलं नाही. भावकू थट्टा करायचा, "आता मागावर रेलून बसतीया बघा म्हातारी." ती हसायची. काय म्हणाला ते तिला कळलं की नाही, देव जाणे.

आणि एक दिवस तिने रानात जायचं काढलं.

आमच्याकडे मागाला सुट्टी अमावास्येला. श्रावणातली अमावास्या दोन दिवसांवर आली होती. रात्रीची भाकरी वाढता वाढता मंगल म्हणाली, "अहो, आवंदा सुट्टीला रानात जाऊन येऊया."

"रानात? सरपान आनायचंय व्हय?" भावकू म्हणाला. "त्यापरीस गोकाकला जाऊया की. धबधब्याचं पानी बघू, भजी खाऊ, परत येऊ."

"मला रानच बघायचंय. आमच्या माहेराकडलं."

मंगलचं माहेर जांबोटीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत चालत जायचं, अशा एका वाडीत. आता तिथे कुणी नाही. आई-बाप गेले, वाडीतली माणसं शहराकडे आली, आणि सगळा मुलूख अभयारण्यात गेला. लग्नानंतर ती तिकडे फिरकली नव्हती.

भावकू कुरकुरला, तेव्हा सौम्याने ताटावरून मान वर केली. ती आता उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात जाते. "बाबा, आईनं जन्मात पहिल्यांदा कायतरी मागितलंय. जावा की गप."

शेजारच्या मनुबाईने ऐकलं आणि गालाला हात लावला. "अमावास्येला रानात? खुळी झालीस काय गं?"

"आमची सुट्टी अमावास्येलाच अस्ती," मंगल म्हणाली. "भुतांनी तेवढं समजून घ्यावं."

खरं कारण तिने त्या रात्री सांगितलं, तेही फक्त देव्हाऱ्यातल्या देवाला. हात जोडून ती पुटपुटली. आपण हळू बोलतोय असं तिला वाटत होतं, पण मला मागावर बसून सगळं ऐकू आलं. तिच्या वाडीच्या ओढ्यावर एक पाखरू होतं. शीळकरी म्हणायचे त्याला. पावसाळ्यात पहाटे ते अशी शीळ घालायचं की वाटावं एखादं पोरगं गुरं सोडून काठावर लोळत पडलंय. लहानपणी मंगल त्याला शीळ घालून उत्तर द्यायची आणि आईचा मार खायची. "माझं कान मिटायच्या आदी ते एकदा ऐकू दे," ती देवाला म्हणाली. "मग काय करायचं ते कर."

मी कसा गेलो, ते ऐका. माझं एक टोक बोथट झालं होतं. अमावास्येच्या आदल्या दिवशी मंगलने मला घासून आणायला पिशवीत टाकलं, दुकान बंद मिळालं आणि ती विसरली. सकाळी माझ्या उरावर भाकऱ्यांची चवड, शेंगदाण्याची चटणी आणि भरल्या वांग्यांचा डबा येऊन बसला. पिशवीची चेन मोडकी, म्हणून माझं टोक तेवढं बाहेर राहिलं. जे बघितलं ते त्या टोकाने.

भावकूच्या मोटरसायकलवरून आम्ही पिरनवाडी सोडली, किणये सोडलं. भातं पोटरीला आली होती. जांबोटी मागे पडली तसे डोंगर अंगावर यायला लागले आणि हवा गार झाली. अडीच हातांच्या वाटेवर आयुष्य काढलेल्याने इतकं सरळ रेषेत जायचं आणि परत यायचंच नाही, हे काही मला पटेना. कुठूनतरी धपाटा बसेल आणि आपण वडगावात जाऊन आपटू, याची मी वाटच बघत होतो.

वनखात्याच्या चौकीवर तिकीट काढलं. सोबत वाटाड्या घ्यावा लागतो. भरमा नावाचा गडी मिळाला. भावकूच्याच वयाचा, खाकी शर्ट, रबरी बूट आणि जळवांसाठी कमरेला मिठाची पुरचुंडी. तो पुढे, मागे मंगल, तिच्यामागे पिशवी खांद्याला लावून भावकू, असे आम्ही आत शिरलो.

आणि मी लाकूड बघितलं.

मी लाकूड म्हणजे आडवं, कापलेलं, खिळे ठोकलेलं एवढंच ओळखत होतो. इथे ते उभं होतं. वर, आणखी वर, टोक दिसेना इतकं वर. एकेका बुंध्यातून वडगावातल्या साऱ्या मागांचे धोटे निघाले असते आणि ते कुणी काढले नव्हते. त्याला शेवाळ आलं होतं, त्यावर फुलं आली होती, मुंग्या त्यावरून आपापल्या कामाला चालल्या होत्या. ते कुणाच्याच उपयोगाचं दिसत नव्हतं आणि तरी केवढ्या थाटात उभं होतं! मी सुताराच्या घराण्यातला असतो तर लोटांगण घातलं असतं. धोट्याला वाकता येत नाही, म्हणून मी नुसताच पिशवीत गप्प झालो.

माणसं मात्र गप्प नव्हती. "अहोओ! गारंबीची वेल बघा!" मंगल ओरडली. खरंच, भावकूच्या मांडीएवढी जाड वेल या झाडावरून त्या झाडावर गेली होती. "आगं लईच मोठी की गंऽ!" भावकू तिच्यावर कडी करून ओरडला. वरच्या फांदीवरून कसलातरी मोठा पक्षी पंख फडफडवत निघून गेला.

भरमा थांबला. "मालक, हळू. रान भैरं न्हाय."

भावकू ओशाळला. मंगल हसून पुढच्या झाडाकडे बघत राहिली.

थोडं पुढे दोन झुडपांमध्ये कोळ्याचं जाळं होतं, दवाने भरलेलं. विणकर म्हटल्यावर दोघंही अडलीच. भावकूने वाकून, डोळे बारीक करून ते तपासलं, जसा शेटजी साडी तपासतो. "माग न्हाय, फनी न्हाय, धोटा न्हाय," तो म्हणाला, "आनी काम बघ की गं मंगल. एक धागा चुकलेला न्हाय." धोट्याशिवाय भागतं, हे माझ्यासमोर म्हणायची काही गरज नव्हती. पण जाळं मीही बघितलं आणि खोट काढायला जागा सापडली नाही.

रान दाट होत गेलं तसा एक आवाज वाढत गेला. झाडांवरचे किरकिरे किडे, हजारोंनी, एकसुरी. मला तर घरच्यासारखं वाटायला लागलं. भावकूही सैलावला, त्याची पावलं त्या तालावर पडायला लागली. आणि एकाएकी, कुणी खटका दाबावा तसे ते सगळे किडे गप्प झाले.

भावकू जागच्या जागी उडाला. त्याचा उजवा हात हवेत गेला, मागाचा दांडा असतो नेमक्या तिथे, आणि तो ओरडला, "करंट गेला!"

भरमा वाटेच्या कडेला थांबून पोट धरून हसला. "करंट? रानात आनी कुठला करंट, मालक?"

भावकूलाही हसू आलं. पण हसता हसता त्याने पुढे बघितलं. मंगल चालतच होती. दचकली नव्हती, थबकलीसुद्धा नव्हती. आमच्या गल्लीतली कुठलीही बाई अशा वेळी झोपेतून उठून बसली असती. भावकूच्या कपाळावर एक बारीक आठी आली. मला पिशवीतून ती दिसली आणि वाटलं, संपलं, आता याला कळणार.

पण तेवढ्यात मंगलनेच पंजा आडवा केला. माग थांबव.

भावकू जिथे होता तिथे थिजला. वाटेच्या वळणावर, चार बायकांनी धुणं वाळत घालावं एवढ्या अंतरावर, गवा उभा होता. काळा, ओला, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. मी त्याला आधी खडकच समजलो. मग त्या खडकाने श्वास सोडला आणि वाफ वर गेली. मंगलने न वळता पाठीमागे हात नेला आणि बोटांनी सांगितलं, मागे लहान आहे. खरंच, त्या प्रचंड अंगाआडून तांबूस वासराचं नाक दिसत होतं. म्हणजे ती गाय होती. भावकूने दोन पावलं पुढे सरकून तिच्या डोळ्यांच्या टप्प्यात हात आणला आणि विचारलं, पुढे येऊ? नको. तू मागे येतेस? नाही. थांब. थांबतो. त्या दोघांच्या हातांत इतकं बोलणं चाललं होतं आणि पानसुद्धा हलत नव्हतं.

गव्याच्या गायीने आमच्याकडे बघितलं. किती वेळ, कोण जाणे. मला आयुष्यात असं कुणी बघितलं नव्हतं. त्या नजरेत राग नव्हता, भीतीही नव्हती. तुम्ही आहात, एवढं तिने नोंदवलं आणि वासराला पुढे घालून ती रानात शिरली. एवढं मोठं जनावर गेलं आणि मागे एक डहाळी हलत राहिली, बस्स.

भरमाने रोखून धरलेला श्वास सोडला. "तुमी दोघं हातांनी बोलताय व्हय? शिकलाय कुठं?"

"मागावर," भावकू म्हणाला. त्या वेळी तरी त्याची छाती फुगलेली होती.

तिथून उतरण लागली. पाण्याचा आवाज आला. भरमा आम्हाला एका ओढ्यावर घेऊन आला. वरच्या कड्यावरून पाणी पडत होतं, खाली काळा डोह, काठाने शेवाळलेले धोंडे. मंगल पाण्याच्या काठाशी गेली आणि उभी राहिली. तिच्या वाडीची वाट इथूनच वर जायची. तिने बूट काढले, पाय पाण्यात सोडले, आणि मी तिचा चेहरा बघितला. ती कान देऊन बसली होती. देवाजवळ मागितलेली गोष्ट आज, आत्ता, इथे व्हायची होती.

आणि ती झाली. भरमाने ओठांवर बोट ठेवलं. डोहापलीकडच्या धोंड्यावर एक पाखरू येऊन बसलं होतं. काळं म्हणावं तर काळं, पण ऊन पडलं की खांद्यावर निळी झाक मारणारं. त्याने चोच उघडली.

मी आवाजात जन्म काढलेला माणूस, चुकलो, धोटा. मला वाटायचं आवाज म्हणजे आदळणं. हा आवाज कशावरच आदळत नव्हता. तो उठला, रेंगाळला, कुठे जायचं ते विसरल्यासारखा वळला, घसरला आणि पाण्यावरून आमच्यापर्यंत आला. त्या शिळेत कसलीही घाई नव्हती. भावकूचं तोंड उघडं राहिलं. "आयला," तो अगदी हळू म्हणाला, "हे पाखरू हाय?"

मंगल पाखराकडे एकटक बघत होती. त्याचा गळा फुगत होता, चोच हलत होती, शीळ साऱ्या दरीत भरली होती. मग ती भावकूकडे वळली आणि म्हणाली,

"अहो, कवा सुरू करनार ओ ते?"

पाखरू गातच होतं.

भावकूने तिच्याकडे बघितलं. पाखराकडे बघितलं. परत तिच्याकडे. मागावर टेकलेला तळहात, पदरातला विरळ पट्टा, हाक मारली तरी न वळणारी पाठ आणि मघाचे ते किडे, सगळं त्याच्या तोंडावर एकामागून एक येत गेलं. तो तिच्यासमोर जाऊन पाण्यातच बसला, पॅंटसकट. त्याने बोट आपल्या कानाला लावलं, मग दोन बोटं जुळवली आणि फटकन अलग केली. धागा तुटला?

मंगलने तोंड फिरवलं. त्याने तिची हनुवटी धरून परत आपल्याकडे आणली. मग तिने मान हलवली.

"कवापासनं?"

हे तिला ओठांवरून कळलं. "सौम्या कालेजात जायच्या आदीपासनं. बारीक आवाज आदी गेला. आता तुमचा बी जायला लागलाय."

"मला सांगायचं न्हाय व्हय गं?" भावकू म्हणाला. भरमा पाठ करून उगाच झाडाची साल खरवडत उभा राहिला. "एका खोलीत बसतोय आपन. हाताच्या अंतरावर!"

"सांगितलं असतं तर तुमी माग बंद केला असता," मंगल म्हणाली. "माझा माग बंद झाला तर मी कोन? आनी हितं आलो ते एवढ्यासाठनंच. म्हटलं एकदा ऐकावं. उशीर झाला बघा." आणि ती रडली. इतकी वर्षं तिचे हात अंगावर वागवले, पण तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

भावकूने तिचे डोळे पुसायला टॉवेल शोधत पिशवीत हात घातला आणि हाताला मी लागलो. त्याने मला बाहेर ओढलं. "ह्यो हितं कसा?" तो स्वतःशीच म्हणाला. भाकरीचा चुरा लागलेला, वांग्याच्या तेलाने माखलेला मी त्याच्या मुठीत होतो. पलीकडे पाखराने दुसऱ्यांदा सुरुवात केली.

मग भावकूने जे केलं ते त्याने कुठून काढलं, मला आजवर कळलेलं नाही. त्याने मला हवेत उचललं. शीळ वर गेली तसा मला वर नेलं. रेंगाळली तसा रेंगाळवलं. घसरली तसा उतारावरून खाली आणलं, मधेच थांबवलं, परत उचललं. मी आयुष्यभर इकडून तिकडे गेलेला. वर नावाची दिशा असते, हे मला तेव्हा कळलं! मी पाखराचा आवाज झालो होतो. लाकडाचा तुकडा मी, पण तेवढा वेळ माझ्यात वजन राहिलं नव्हतं.

मंगल माझ्याकडे बघत राहिली. रडणं थांबलं. तिचे ओठ हलायला लागले, मान डोलायला लागली. आणि मधेच तिने माझं दुसरं टोक पकडलं.

"चुकलं," ती म्हणाली.

"काय चुकलं? मी ऐकतोय न्हवं?"

"शेवटाला असं खाली येत न्हाय ते. वर जातंय आनी अर्ध्यातच सोडतंय. असं." आणि तिने मला, भावकूच्या हातासकट, हळूच वर नेलं आणि हवेत तसंच सोडून दिलं.

पाखराने तिसऱ्यांदा शीळ घातली. वर गेलं, आणि अर्ध्यातच सोडलं. अगदी तसं.

भावकूच्या अंगावर काटा आला, मला त्याच्या मनगटावर दिसला. ऐकणारा तो होता आणि येत होतं तिला. "आगं व्हय की!" तो ओरडला. भरमा वळून बघायला लागला. "व्हय की गं!" मग त्या दोघांनी मला दोन्ही टोकांना धरून ती शीळ म्हटली. पाखरू गात होतं तोवर म्हटली, ते उडून गेल्यावरही म्हटली.

त्या गडबडीत तेलकट अंगाने मी निसटलो आणि डोहात पडलो. भरमाने काठीने काढलं, पण तोवर मी पोटभर पाणी प्यालो होतो. पाणी प्यालेला धोटा फुगतो, वाकतो, मागावर चालत नाही. माझी नोकरी तिथे संपली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण शीळ झाल्यावर परत अडीच हात पळायचं म्हणजे जड गेलं असतं.

घरी आल्यावर भावकूने मंगलचा माग बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पाना घेतला, जमिनीतले बोल्ट काढले आणि गल्लीतली चार माणसं बोलावून दोन्ही माग फिरवले. आता ते भिंतीकडे बघत नाहीत, समोरासमोर आहेत. मनुबाई बघायला आली तेव्हा म्हणाली, "आता दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसनार व्हय?" "व्हय," भावकू म्हणाला. धोट्याचा पोकळ आवाज तो आता कान देऊन ओळखायला शिकलाय; तिची कांडी संपत आली की तो अंगठा खाली करतो. पूर्वी ती त्याचा माग सांभाळायची, आता तो तिचा सांभाळतो. सौम्या आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. कानाला यंत्र आलं. त्याने भावकूचा आवाज थोडा परत आला, शीळ नाही आली.

मी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतो. टोकं गंजली, अंग वाकडं झालं, कुशीच्या भोकात एका मुंगळ्याने बिऱ्हाड केलं. अमावास्या आली की मात्र मला पुसून पिशवीत घालतात, आता विसरून नव्हे. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरात कुणी हाकेला ओ देत नसेल तर आवाज चढवू नका. समोर जाऊन उभे राहा. हातात मिळेल ते घ्या, लाटणं चालेल, पेन चालेल, आणि सांगा काय ऐकलं ते.

परवाच्या अमावास्येला आम्ही गेलो होतो. थंडी पडली आहे, ओढा बारीक झालाय. वाटेत भरमाने भावकूला बाजूला घेतलं. "मालक, आता गात न्हाय त्ये. पाऊसकाळ सरला की गप अस्तंय."

"तिच्याम्होरं बोलू नकोस," भावकू म्हणाला. तिथेच जन्मलेल्या बाईला हे ठाऊक नसेल, असं त्याला वाटलं.

पाखरू धोंड्यावर आलं, शेपटी हलवून बसलं. चोच मिटलेली. भावकूने पिशवीतून मला काढलं, घसा खाकरला, कशाला ते त्यालाच ठाऊक, आणि मला हवेत उचललं. त्याने सगळी शीळ म्हटली, रेंगाळणं, वळणं, घसरणं, काही सोडलं नाही. मंगल पाखराच्या मिटलेल्या चोचीकडे बघत होती. मग तिने नजर तिथून काढली आणि भावकूच्या हातावर ठेवली.

"आज लईच गोड गातंय ओ," ती म्हणाली. "आनी एकदा म्हनंल काय बघा."

भावकूने परत सुरुवात केली.